काडतूस पुन्हा भरताना

बंदुकीचा बार उडाला की काडतुसाच्या चार भागांपैकी तीन संपतात. दारू जळून वायू होते, प्रायमर एकदाच ठिणगी देऊन निकामी होतो आणि गोळी नळीतून निघून जाते. मागे उरते ती पितळी पुंगळी. काडतुसाच्या किमतीत बहुधा सर्वांत मोठा वाटा तिचाच असतो, आणि एका बाराने तिचे फारसे बिघडत नाही. सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त यांचे हे पितळ दाबाखाली फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब ओसरताच किंचित आकसून मोकळे होते. ही लवचीकता असल्यामुळेच पुंगळी पुन्हा मापात आणता येते. तिच्यात नवा प्रायमर, मोजलेली दारू आणि नवी गोळी बसवली की काडतूस पुन्हा तयार होते. या कामाला इंग्रजीत रिलोडिंग म्हणतात. अमेरिकेत हा लाखो घरांतल्या गॅरेजमध्ये आणि तळघरांत जोपासला गेलेला छंद आहे.

प्रत्येक पुंगळी मात्र भरता येत नाही. .२२ रिमफायर काडतुसात ठिणगीचे मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेतच भरलेले असते. फायरिंग पिन ती कड चेपते आणि तिथेच त्या पुंगळीचे आयुष्य संपते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले, ते पन्नास मीटर रायफल प्रकारात, याच जातीच्या काडतुसांवर. त्या स्तरावरचे नेमबाज कारखान्यातून आलेल्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसे झाडून बघतात आणि आपल्या रायफलला मानवणारा लॉट निवडतात. काडतूस स्वतः भरण्याचा मार्ग त्यांना नसतो. तो मार्ग सेंटरफायर काडतुसांचा आहे, ज्यांच्या बुडाच्या मध्यभागी प्रायमरसाठी वेगळा खळगा असतो आणि वापरलेला प्रायमर काढून तिथे नवा बसवता येतो.

या खळग्याच्या दोन रचना १८६६ च्या सुमारास पुढे आल्या. इंग्लंडच्या वूलविच येथील कर्नल एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत प्रायमरच्या आतच छोटी ऐरण असते आणि खळग्याच्या तळाशी मधोमध एकच भोक असते. अमेरिकेच्या हायरम बर्डन यांच्या रचनेत ऐरण पुंगळीच्याच धातूतून उठवलेली असते आणि तिच्या बाजूंना दोन बारीक भोके असतात. बॉक्सर पुंगळीत वरून एक सरळ सुई घातली की जुना प्रायमर खाली पडतो. बर्डन पुंगळीत ती सुई ऐरणीवरच आपटते. पुढे असे झाले की इंग्रज माणसाची रचना अमेरिकेत रुळली आणि अमेरिकन माणसाची युरोपातल्या सैन्यांत. अमेरिकेत हा छंद घराघरांत पोहोचला, त्याच्या कारणांत या एका भोकाचा वाटा मोठा आहे.

धातूची पुंगळी येण्यापूर्वी काडतूस कागदाचे असे. १८५७ च्या उठावाशी ज्यांचे नाव जोडले गेले ती एनफिल्ड रायफलची काडतुसे अशीच होती: कागदी नळी दाताने फाडायची, दारू बंदुकीच्या नळीत ओतायची आणि वरून गोळी ठासायची. काडतुसाचे सारे भाग धातूच्या कवचात बंद झाले आणि सैनिकाच्या हातून दारू गेली. कारखान्यांचे युग आले. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्ये उभा राहिला, तो याच काळात. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मैदानी प्रदेशात मात्र परिस्थिती वेगळी होती. तिथे बायसनच्या शिकाऱ्याला जवळचे दुकान कित्येक दिवसांच्या वाटेवर असे. दारूचा डबा, शिशाचे गट्टे, गोळ्यांचा साचा आणि पकडीसारखे एक हत्यार गाडीत टाकून तो निघे आणि रात्री शेकोटीजवळ दिवसभराच्या पुंगळ्या पुन्हा भरी. १८८० च्या दशकात अमेरिकन सैन्यानेही सीमेवरच्या ठाण्यांना नेमबाजीच्या सरावासाठी भरणीची हत्यारे दिली. १८८४ मध्ये कनेटिकट राज्यात जॉन बार्लो यांनी आयडियल नावाची कंपनी काढली आणि हत्यारांबरोबर माहितीची पुस्तिकाही छापायला सुरुवात केली. हत्यार विकायचे तर ते वापरायला शिकवलेही पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. १९२५ मध्ये आयडियल लायमन कंपनीकडे गेली आणि ती पुस्तिका लायमनच्या हँडबुकच्या रूपाने चालू राहिली.

आयडियल निघाली त्याच सुमारास दारू बदलली आणि शिकवण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. काळी दारू बऱ्यापैकी सोशीक असते. बहुतेक जुन्या काडतुसांत पुंगळी भरेल इतकी दारू घातली की काम होई. मोजण्यासाठी ठरावीक मापाचा चमचा पुरे. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून धूरविरहित दारू तयार केली. तिच्यात तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त शक्ती असते आणि तिचा ज्वलनवेग भोवतीच्या दाबावर अवलंबून असतो. दाब वाढला की ती वेगाने जळते आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे मात्रा थोडीशी वाढली तरी दाब त्याच प्रमाणात वाढून थांबत नाही, तो पुढे उसळतो. काळ्या दारूच्या सवयीने नवी दारू चमच्याने भरणाऱ्यांच्या बंदुका त्या काळात फुटल्या. आज नवशिक्याला जे जे शिकवले जाते, त्यातले बहुतेक या एका गुणधर्मातून निघते. तो नीट समजावून न सांगता फक्त नियम पाठ करून घेणारा शिक्षक अर्धेच काम करतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा छंद थोड्या जाणकारांचा होता. फिलिप शार्प यांचा काडतूस भरणीवरचा जाडजूड ग्रंथ १९३७ मध्ये आला, तो एवढ्याच वर्तुळात वाचला गेला. दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. युद्धकाळात गोळ्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी .२२ च्या टाकाऊ पुंगळ्यांचे कवच वापरून लहान गोळ्या दाबून काढण्याचे डाय, म्हणजे पोलादी साचे, १९४३ मध्ये बनवले. रॉक चक नावाच्या प्राण्याच्या शिकारीसाठी केलेल्या या गोळ्यांवरून त्यांच्या कंपनीला आरसीबीएस हे नाव पडले. युद्ध संपल्यावर सरकारकडे उरलेली दारू टनांनी विकायला निघाली. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी ती घेऊन टपालाने आणि रेल्वेने किरकोळ विकायचा धंदा सुरू केला. आयडाहोत व्हर्नन स्पीअर आणि नेब्रास्कात जॉइस हॉर्नडी गोळ्या बनवू लागले. दारू स्वस्त, गोळ्या उपलब्ध, आणि सैन्यातून परतलेले, बंदुकीची सवय असलेले लाखो तरुण: छंद फोफावायला आणखी काही लागले नाही. १९५८ मध्ये विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांनी हातोडीने ठोकून वापरायचा एक अगदी स्वस्त संच काढला. जेवणाच्या टेबलावर मावणाऱ्या त्या संचाने अनेकांना या कामाची पहिली ओळख करून दिली.

माणसे या छंदाकडे का वळतात, याचे सर्वांत आधी दिले जाणारे कारण काटकसर हे असते. ते अर्धसत्य आहे. मोठ्या रायफलींच्या महाग काडतुसांत बचत खरोखर होते. ९ मिलिमीटरसारख्या, कारखान्यांतून कोट्यवधींनी निघणाऱ्या काडतुसात ती फारशी राहत नाही. शिवाय काडतुसे स्वस्त झाली म्हणून माणूस जास्त झाडतो आणि वर्षाचा खर्च होता तिथेच येतो. नवशिक्याला हे आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे असते. याहून खरी कारणे दुसरी आहेत. एक म्हणजे अचूकता. कारखान्याला एकच काडतूस हजारो वेगवेगळ्या रायफलींत चालवायचे असते. भरणी करणारा एका विशिष्ट रायफलीसाठी काम करतो. १९७५ च्या सुमारास लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी तयार केलेले ६ मिलिमीटर पीपीसी हे काडतूस रायफल टेबलावर टेकवून झाडण्याच्या बेंचरेस्ट स्पर्धांत वर्षानुवर्षे आघाडीवर राहिले. त्या स्पर्धांतले नेमबाज मैदानावरच टेबल मांडून दोन फेऱ्यांच्या मध्ये, त्या दिवसाच्या हवेप्रमाणे काडतुसे भरतात. दुसरे कारण जुन्या बंदुकांचे. ज्यांची काडतुसे कोणी बनवत नाही अशा रायफली केवळ भरणीमुळे अजून चालतात. तिसरे कारण टंचाईचे. अमेरिकेत २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० नंतर दुकानांतली काडतुसे गायब झाली, आणि दोन्ही वेळा या छंदात नव्यांची मोठी लाट आली. दुर्दैवाने प्रायमरही त्याच वेळी मिळेनासे झाले आणि घाईने घेतलेली यंत्रे बऱ्याच घरांत नुसती पडून राहिली.

हे शिकवायचे कोणी, याचे उत्तर देशोदेशी वेगळे आहे. जर्मनीत स्फोटक पदार्थांच्या कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाखाली परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि परीक्षा असते आणि परवान्याशिवाय दारू विकत मिळत नाही. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी भरणी करायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. भरलेली काडतुसे विकायची असतील तरच तो लागतो. त्यामुळे तिथे शिक्षण सर्वस्वी ऐच्छिक आहे. १८७१ मध्ये स्थापन झालेली नॅशनल रायफल असोसिएशन धातूच्या आणि छर्‍याच्या काडतुसांचे वेगवेगळे वर्ग चालवते, पण बहुसंख्य लोक वडील, काका, शेजारी किंवा क्लबातला एखादा जुना सदस्य यांच्याकडूनच शिकतात. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो आणि बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस भरण्याची मुभा नव्हे. परदेशात स्थायिक होऊन हा छंद जडलेल्या मराठी माणसाने सुट्टीवर येताना सामान तर सोडाच, एखादी आठवण म्हणून ठेवलेली पुंगळीही पिशवीत आणू नये. विमानतळावरच्या तपासणीत तिची गंभीर दखल घेतली जाते.

जर्मन आणि अमेरिकन या दोन पद्धतींपैकी जर्मन पद्धत जाचक वाटते, पण तिच्यात एक गोष्ट आपोआप साधते: प्रत्येकाला पहिल्यांदा कोणीतरी समोर बसवून शिकवलेले असते. ऐच्छिक पद्धतीत ही जबाबदारी शिकवणाऱ्याच्या शहाणपणावर येते. तिथे सर्वांत मोठी चूक होते ती क्रमाची. पाहुण्याला गॅरेजात नेऊन थेट यंत्राची दांडी ओढायला दिली जाते. दांडी ओढणे सोपे असते, दहा मिनिटांत जमते, आणि जमल्याचा आनंद इतका असतो की जे कठीण आहे ते शिकायचे राहून गेले हे लक्षातच येत नाही. कठीण आहे ते अखंड लक्ष. पाचशे वेळा तीच हालचाल करताना पाचशेव्या वेळीही पुंगळीत डोकावून बघणे ही या कामाची खरी परीक्षा आहे, आणि सगळे शिक्षण त्या सवयीभोवती रचायला हवे.

म्हणून सुरुवात यंत्राने न करता पुस्तकाने करावी. लायमन, हॉर्नडी, सिएरा, स्पीअर, नॉस्लर अशा कंपन्या प्रयोगशाळेत दाब मोजून तयार केलेल्या तक्त्यांची पुस्तके काढतात. प्रत्येक काडतुसासाठी, प्रत्येक गोळीसाठी आणि प्रत्येक दारूसाठी त्यांत दोन आकडे असतात, सुरुवातीची मात्रा आणि कमाल मात्रा. नवशिक्याने नेहमी पहिल्या आकड्यापासून निघावे आणि लहान पायऱ्यांनी वर जावे. तक्त्यात दिलेला प्रायमर, पुंगळी किंवा गोळी बदलली तर दाब बदलतो, म्हणून बदल केल्यावर पुन्हा खालून सुरुवात करावी. याउलट काही दारू अशा आहेत की त्यांची मात्रा ठरलेल्या किमानाच्या खाली नेणेही धोक्याचे असते, तेव्हा ‘कमी म्हणजे सुरक्षित’ हा सोपा समजही पुस्तकाने तपासून घ्यावा लागतो. कोणीतरी तोंडी सांगितलेला आकडा, मग तो कितीही अनुभवी माणसाने सांगितलेला असो, तक्त्याशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये.

वजनाचे एकक ग्रेन आहे. पौंडाचे सात हजार ग्रेन होतात, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅमचा. मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही, कारण ब्रिटिश अमलात १८३३ मध्ये तोळ्याचे वजन १८० ग्रेन ठरवले गेले होते. तोळ्याच्या शहाण्णव गुंजा धरल्या तर ग्रेन अर्ध्या गुंजेहून थोडा जास्त भरतो. .३०-०६ रायफलीत वापरली जाणारी १८० ग्रेनची गोळी बरोबर एक तोळ्याची असते. दारूची मात्रा मात्र ग्रेनाच्या दशांशापर्यंत मोजायची असते. सराफाच्या काट्याला शोभेल अशी ही बारकाई आहे, म्हणून तराजू हे या छंदातले सर्वांत महत्त्वाचे साधन ठरते. दांडीचा साधा तराजू हळू चालतो, पण विजेच्या चढउताराने किंवा तापमानाने भरकटत नाही. इलेक्ट्रॉनिक तराजू झटपट असतो, पण त्याचा शून्य सरकू शकतो. कुठलाही घेतला तरी प्रमाणित वजनाने तो कामाच्या आधी आणि मध्ये तपासावा. पंखा आणि उघडी खिडकी बंद ठेवावी, कारण वाऱ्याची झुळूकही त्याला हलवते.

दाबाचे आकडेही याच टप्प्यावर सांगावेत. अमेरिकेत १९२६ पासून सामी ही उत्पादकांची संस्था काडतुसांची मापे आणि दाबाच्या मर्यादा ठरवते. .३८ स्पेशलची मर्यादा दर चौरस इंचाला १७ हजार पौंड आहे, .३०-०६ ची ६० हजार. मोटारीच्या टायरमध्ये हाच आकडा तीस-पस्तीस असतो. तोंडापासून हातभर अंतरावर एवढा दाब पितळाच्या पातळ भिंतीने आणि पोलादाच्या चेंबरने अडवून धरलेला असतो, हे एकदा कळले की पुढचे नियम लादलेले वाटत नाहीत.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात पुंगळ्या तपासण्यापासून होते. तोंडाला चीर असलेली, बुडाजवळ चकचकीत कडे उमटलेली किंवा प्रायमरचा खळगा सैल झालेली पुंगळी बाजूला काढावी. चकचकीत कडे हे पितळ तिथे आतून ताणून पातळ झाल्याचे लक्षण असते. टोक वाकवलेली तार आतून फिरवली तर तिथे खाच लागते. अशी पुंगळी पुढच्या बाराला दोन तुकडे होऊन येऊ शकते. कमी दाबाच्या पिस्तुली काडतुसाची पुंगळी कित्येक वेळा भरता येते, मोठ्या मॅग्नम रायफलीची थोड्याच फेऱ्यांत थकते. मग अक्रोडाच्या कवचाचा किंवा मक्याच्या कणसाचा भुसा भरलेल्या यंत्रात पुंगळ्या घोळवून स्वच्छ करतात. रायफलीच्या पुंगळीला वंगण लावून ती डायमध्ये दाबली की फुगलेले अंग मूळ मापाला येते आणि त्याच हालचालीत जुना प्रायमर खाली पडतो. वंगण विसरले तर पुंगळी डायमध्ये अशी रुतते की दांडीच्या जोराने तिची कड तुटते पण ती निघत नाही. हे बहुतेक प्रत्येक नवशिक्याचे एकदा होतेच. सरळ अंगाच्या पिस्तुली पुंगळ्यांसाठी कार्बाइडचे डाय मिळतात, त्यांना वंगण लागत नाही. रायफलीच्या पुंगळीची मान प्रत्येक फेरीत थोडी लांबते, म्हणून ती मोजून छाटावी लागते. नवा प्रायमर बुडाच्या पातळीच्या किंचित आत बसला पाहिजे, हे बोट फिरवून कळते. प्रायमर दाबताना डोळ्यांवर चष्मा हवा.

दारू भरणे हा या कामाचा गाभा आहे आणि शिकवणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. टेबलावर एका वेळी एकच दारू असावी, तीही मूळ डब्यात, नाव वाचता येईल अशी. ही काळजी अनाठायी नाही. हॉजडनची एच ४८३१ आणि आयएमआरची ४८३१ या दोन दारूंची नावे सारखी असली तरी त्यांचा ज्वलनवेग वेगळा आहे आणि एकीचा तक्ता दुसरीला लावता येत नाही. उलट विन्चेस्टर २३१ आणि हॉजडनची एचपी-३८ ही नावे दोन असून माल एकच आहे. नावावरून अंदाज बांधण्याची सवय पहिल्या दिवशीच मोडावी. दिवस संपला की यंत्रातली उरलेली दारू डब्यात परत गेली पाहिजे. ती रात्रभर यंत्रात राहिली आणि सकाळी कोणती होती ते आठवेना, तर ती टाकून देण्यावाचून इलाज नसतो.

त्यानंतर येते दुहेरी मात्रा. .३८ स्पेशल हे काडतूस मुळात काळ्या दारूसाठी आखलेले, म्हणून त्याची पुंगळी ऐसपैस आहे. आजची जलद जळणारी दारू तिच्या तळाला थोडीशीच लागते. इतकी थोडी, की चुकून दोनदा पडली तरी पुंगळी भरत नाही आणि गोळी नेहमीसारखी बसते. फुटलेल्या रिव्हॉल्व्हरांच्या कहाण्यांत ही चूक पुन्हा पुन्हा भेटते. तिच्यावर दोन उपाय आहेत आणि नवशिक्याला दोन्ही शिकवावेत. पहिला, तक्त्यातल्या दारूंपैकी अशी निवडावी की एक मात्रा पुंगळीच्या निम्म्याहून अधिक जागा घेईल, म्हणजे दुसरी पडली तर सांडेल आणि दिसेल. दुसरा, भोके पाडलेल्या लाकडी पाटीवर पन्नास पुंगळ्या मांडून सगळ्यांत दारू भरावी, आणि एकाही पुंगळीवर गोळी ठेवण्याआधी दिव्याखाली पाटी धरून सगळ्यांतली दारूची पातळी ओळीने पाहावी. एखादी पुंगळी जास्त भरलेली किंवा रिकामी असेल तर शेजारच्यांमुळे ती लगेच डोळ्यांत भरते. या पाहणीला एक मिनिट लागते. ती कधीही गाळू नये, घाईत तर मुळीच नाही. कामाच्या मध्ये फोन आला, कोणी हाक मारली, तर हातातली पुंगळी रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून भरावी. ज्या खोलीत दूरचित्रवाणी चालू आहे तिथे हे काम करू नये.

रिकामी राहिलेली पुंगळीही कमी घातक नसते. नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत थोडी सरकते आणि अडकते. बार नेहमीच्या आवाजाऐवजी दबका होतो. घाईत पुढची गोळी झाडली तर नळी फुटू शकते. म्हणून दबका बार ऐकला की थांबायचे, बंदूक रिकामी करायची आणि नळीतून काठी घालून ती मोकळी आहे याची खात्री करायची, हे नवशिक्याने भरणी शिकण्याआधीच शिकलेले असावे.

शेवटी गोळी बसवतात. तिची खोली तक्त्यातल्या एकूण लांबीने ठरते, कारण ती जास्त आत गेली तर आतली जागा आकुंचते आणि दाब वाढतो. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात गोळीभोवती पुंगळीच्या तोंडाला दुमड देतात, म्हणजे धक्क्याने ती पुढे सरकत नाही. तयार काडतुसे डब्यात भरून त्याच वेळी चिठ्ठी लावावी: तारीख, गोळी, दारू, मात्रा, प्रायमर, पुंगळीची कितवी फेरी. वहीत हेच सविस्तर लिहावे. चिठ्ठी नसलेला डबा कितीही चांगला भरलेला असला तरी झाडण्याच्या लायकीचा राहत नाही.

कोणत्या यंत्राने सुरुवात करावी, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. एका वेळी एकच काम करणारा साधा प्रेस, फिरत्या डोक्याचा प्रेस आणि दांडीच्या एका ओढीत चार-पाच कामे करणारा प्रोग्रेसिव्ह, असे तीन प्रकार आहेत. अ‍ॅरिझोनाच्या माइक डिलन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून घरगुती प्रोग्रेसिव्ह यंत्रे लोकप्रिय केली आणि पिस्तुलाच्या स्पर्धेत दर आठवड्याला शेकडो गोळ्या झाडणाऱ्यांना ती वरदान ठरली. पण त्यांत एकाच वेळी चार पुंगळ्या चार अवस्थांत असतात. काही बिनसले तर नेमके कुठे, हे ओळखायला प्रत्येक अवस्था आधी वेगळी कळलेली हवी. साध्या प्रेसवर काही महिने काम केलेला माणूस प्रोग्रेसिव्हवर गेला तर त्याचे डोळे सवयीने योग्य ठिकाणी जातात. उलट दिशेने शिकणाऱ्याला ते जमते, पण उशिरा आणि कधीकधी महागात. बहुतेक सगळ्या कंपन्यांचे डाय सात अष्टमांश इंच व्यासाच्या एकाच आट्याचे असतात, म्हणून साध्या प्रेससाठी घेतलेले सामान पुढे वाया जात नाही. पहिले काडतूस म्हणूनही सरळ पुंगळीचे आणि कमी दाबाचे निवडावे. दारू काळजीपूर्वक निवडली तर .३८ स्पेशल चांगले, किंवा रायफलच हवी असेल तर मध्यम आकाराचे काडतूस. अगदी लहान पिस्तुली काडतुसांत चुकीला जागा कमी असते.

शिशाकडे दुर्लक्ष फार होते. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते आणि वापरलेल्या पुंगळ्यांच्या आत त्याची धूळ साचते. पुंगळ्या घोळवण्याचे यंत्र उघडताना ती हवेत उडते. म्हणून ते काम घराबाहेर करावे, टेबलापाशी काही खाऊ-पिऊ नये, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. दारू आणि प्रायमर वेगवेगळे, मूळ वेष्टणात, उष्णतेपासून लांब ठेवावेत. दारूसाठी पोलादी तिजोरी सुरक्षित वाटते, पण आग लागली तर घट्ट बंद जागेत जळणारी दारू फुटते. लाकडी कपाटात ती नुसती जळून जाते. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या नियमांत घरात ठेवायच्या दारूला आणि प्रायमरना मर्यादा घातलेल्या आहेत आणि राज्याराज्यांत त्या बदलतात, तेव्हा खरेदीआधी स्थानिक नियम पाहावेत.

नवी भरलेली काडतुसे पहिल्यांदा मैदानावर न्यायची ती थोडीच, पाच-दहा. प्रायमर चपटा झाला, बोल्ट जड उघडला किंवा पुंगळीच्या बुडावर ओरखडा उमटला तर दाब जास्त असल्याची शंका घ्यावी. मात्र ही चिन्हे दिसली नाहीत म्हणजे दाब मर्यादेत आहे असे समजू नये. काही काडतुसांत ती खूप उशिरा दिसतात. वेग मोजणारे उपकरण याहून भरवशाचे असते. मोजलेला वेग तक्त्यापेक्षा बराच जास्त आला तर मात्रा कमी करावी, नेम कितीही चांगला लागत असला तरी.

ज्या काडतुसांबद्दल शंका आली, ती मोडावीत. हातोडीसारख्या एका साधनात काडतूस अडकवून ते जमिनीवर आपटले की गोळी सुटून येते आणि दारू ओतून काढता येते. असे साधन प्रेसच्या जोडीनेच विकत घ्यावे. पहिल्या महिन्यात ते बरेच वापरावे लागते आणि ते हाताशी असले की चुकीचे काडतूस ‘झाडून बघू’ असा मोह होत नाही. सुटलेली गोळी आणि पुंगळी पुन्हा कामाला येतात. दारू मात्र ओळख पक्की नसेल तर डब्यात परत घालू नये. ती मोकळ्या जमिनीवर अगदी पातळ पसरून द्यावी.